शहाजोग ओळख : समाजमाध्यमे आणि व्यापाऱ्याची पत

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्यवसायवृद्धीसाठी समाजमाध्यमांचा परिणामकारक उपयोग कसा करावा, हा आजच्या व्याख्यानाचा विषय. विषयाचे नाव ऐकताच, हे तर नातवंडांचे क्षेत्र, असे सभेतील ज्येष्ठांना वाटणे स्वाभाविक आहे. भ्रमणध्वनीवर बोटे चालविण्याची कला नातवंडांना अवगत आहे, यात शंका नाही. परंतु अनोळखी माणसाची पत कशी जोखावी आणि स्वतःची पत परगावी कशी पोहोचवावी, ही विद्या पेढीवर बसलेल्या पिढ्यांची आहे. समाजमाध्यमांवर आज वाण आहे ती याच विद्येची. म्हणून प्रारंभ हुंडीपासून करणे उचित ठरेल.

१८८१ साली निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट झाला. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना त्यातील धनादेश, वचनचिठ्ठी यांच्याबरोबर हुंडीचे प्रकारही अभ्यासावे लागत, आणि परीक्षा संपताच ते विसरलेही जात. गंमत अशी की, त्या कायद्याने हुंडीला सहसा हात लावला नाही. देशी भाषांत लिहिलेल्या अशा कागदांच्या बाबतीत ज्या त्या बाजारपेठेची रूढी चालेल, असे पहिल्याच कलमात मान्य केले. दर्शनी हुंडी दाखविताच सकारावी लागे, मुदती हुंडी मुदत भरल्यावर. धनीजोग हुंडीचे पैसे तिच्या धन्याला मिळत. शहाजोग हुंडीचे पैसे मात्र केवळ 'शहा'ला, म्हणजे त्या बाजारात ज्याची पत सर्वांना ठाऊक आहे अशा प्रतिष्ठित व्यापाऱ्यालाच, द्यावयाचे असत. अशी हुंडी वाटेत चोरीस गेली, तरी चोराला ती घेऊन एखाद्या शहाच्या दारी जावेच लागे, आणि तो शहा पहिला प्रश्न विचारी, "हा कागद तुमच्याकडे आला कसा?" कुलूप नाही, शिपाई नाही, केवळ ओळखीच्या बळावर शेकडो कोसांवर रक्कम सुखरूप पोहोचत असे.

याच व्यवहारातील आणखी एक कागद म्हणजे जिकरी चिठ्ठी. परगावी हुंडी नाकारली जाईल अशी शंका असल्यास, त्या गावातील दुसऱ्या एखाद्या पेढीच्या नावे ही चिठ्ठी बरोबर दिली जाई. 'वेळ आलीच तर आमच्या भरवशावर हुंडी सकारावी', एवढाच तिचा आशय. चार ओळींच्या त्या चिठ्ठीत लिहिणाऱ्याची स्वतःची पत पणाला लागत असे. म्हणून ती मागण्यास संकोच वाटे, देण्यापूर्वी विचार होई आणि मिळाल्यावर ती जपली जाई.

आज ज्याला इंग्रजीत नेटवर्किंग म्हणतात, त्याचा सारा आशय या दोन कागदांत आला आहे. माणसाची बाजाराला माहिती असणे, आणि त्याच्यासाठी शब्द टाकणारा कोणी असणे. समाजमाध्यमांनी चिठ्ठी पोहोचविण्याचा वेळ आणि खर्च जवळजवळ नाहीसा केला. चिठ्ठीवरील सहीचे मोल मात्र त्यांना निर्माण करता येत नाही. हा भेद ज्याला उमगला, त्याला या माध्यमांचा लाभ होतो. इतरांना केवळ गजबज मिळते.

प्रत्येक काळातील नवे साधन समाजाने वेळेवर हाती घेतले, हेही येथे नमूद केले पाहिजे. सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८० च्या दशकात 'जैन बोधक' सुरू केले. छापील कागद गावोगावच्या जैन कुटुंबांना एका धाग्यात ओवू शकतो, हे त्यांनी ओळखले. १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. पुढच्या काळातील उदाहरण अधिक जवळचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. शांतिलाल मुथा यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले. त्या वेळी ना व्हॉट्सॲप होते, ना फेसबुक. कार्यकर्ते होते, दूरध्वनी होते आणि शब्दाला किंमत होती. ती मुले जैन समाजाची नव्हती. संघटना मात्र समाजाची होती. समाजाच्या आत बांधलेले जाळे समाजाबाहेरच्या कामी आले, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

आता नव्या साधनांकडे वळू या. लिंक्डइन हे केवळ व्यावसायिक ओळखींसाठी असलेले संकेतस्थळ मे २००३ मध्ये अमेरिकेत सुरू झाले. २०१६ मध्ये ते मायक्रोसॉफ्टने विकत घेतले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याने सदस्यसंख्या एक अब्जावर गेल्याचे जाहीर केले. त्यावर डिसेंबर २०२१ मध्ये हिंदी आली, २०२४ मध्ये मराठीही आली. म्हणजे इंग्रजी येत नाही ही सबब आता उरलेली नाही. व्हॉट्सॲप २००९ चे. छोट्या व्यापाऱ्यांसाठी त्याची 'बिझनेस' आवृत्ती जानेवारी २०१८ मध्ये आली. फेसबुक आणि इन्स्टाग्राम सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांच्यावर माल दाखविणे सोपे, परंतु व्यावसायिक ओळख करून घेणे कठीण, म्हणून त्यांचा विस्तार येथे करीत नाही.

सावनेरला या सर्वांची गरज काय, असा प्रश्न कोणी विचारील. सावनेर हे रस्त्यांच्या फाट्यावरचे गाव. नागपूरहून येणारा रस्ता येथून एकीकडे पांढुर्णा, मुलताई, बैतुलकडे जातो आणि दुसरीकडे सौंसर, छिंदवाड्याकडे. इतवारीहून छिंदवाड्याला जाणारी नॅरोगेज गाडी २०१५ मध्ये बंद होईपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या येथून धावली. ठोक माल इतवारी-गांधीबागेतून यावा, कापूस आणि संत्री विकून हाती पैसा आलेला शेतकरी बाजाराच्या दिवशी यावा, सीमेपलीकडचा मराठी बोलणारा ग्राहकही यावा, यावर येथील दुकाने उभी राहिली. रस्त्याने जाणारा माणूस दुकानात वळत असे, ही या गावाची मिळकत होती. आज त्याच माणसाच्या खिशात साऱ्या देशाची दुकाने आहेत. तो सावनेरच्या रस्त्यावर उभा राहून सुरतेची साडी मागवतो. आणि ज्या मुलाने गादीवर बसावे अशी अपेक्षा होती, तो पुण्यात किंवा हैदराबादेत नोकरीच्या शोधात आहे. दुकानाला ग्राहक आणि मुलाला काम, या दोन्ही चिंतांचे मूळ एकच : ज्यांना गरज आहे त्यांना यांची माहिती नाही.

येथे एक काहीसे अप्रिय विधान करणे भाग आहे. समाजाचे परस्परसंबंध घट्ट आहेत, याचा सार्थ अभिमान बाळगला जातो. प्रसंगी हेच संबंध दवाखान्याच्या दारात रात्री दोन वाजता उभे राहतात. त्यांचे मोल कोणत्याही तराजूत मावणारे नाही. परंतु नवी संधी शोधण्याच्या कामी हेच संबंध अपुरे पडतात. कारण उघड आहे. ज्या काकांना मुलाच्या नोकरीबद्दल सांगावे, त्यांच्याजवळ तीच माहिती असते जी वडिलांजवळ आहे. तेच दुकान, तेच मंदिर, तेच लग्नसमारंभ, तेच व्हॉट्सॲप गट. एकाच विहिरीत दहा दोर सोडल्याने पाणी वाढत नाही.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये हीच गोष्ट आकड्यांनी दाखविली. बोस्टनजवळ नोकरी बदललेल्या लोकांपैकी ज्यांना ओळखीतून काम मिळाले, त्यांना त्यांनी विचारले की, ज्याच्याकडून माहिती मिळाली तो माणूस त्या काळात किती वेळा भेटत असे? वारंवार भेटणारे निघाले सुमारे १७ टक्के. अधूनमधून भेटणारे सुमारे ५६ टक्के. आणि क्वचित भेटणारे सुमारे २८ टक्के. म्हणजे कामाची बातमी बहुधा रोजच्या मित्राकडून आली नाही. ती जुन्या सहकाऱ्याकडून, विसरत चाललेल्या वर्गमित्राकडून आली. विरळ ओळखींचे सामर्थ्य, असे या सिद्धांताचे नाव आहे.

पन्नास वर्षांनी त्याची मोठ्या प्रमाणावर परीक्षा झाली. लिंक्डइनने २०१५ ते २०१९ या पाच वर्षांत दोन कोटींहून अधिक सदस्यांवर प्रयोग केले. 'या व्यक्तीला आपण ओळखत असाल' अशी जी नावे सदस्यापुढे येतात, त्यांत कोणाला जवळची नावे अधिक दाखविली, कोणाला दूरची. या काळात दोन अब्ज नव्या ओळखी झाल्या आणि सहा लक्ष नोकऱ्यांची नोंद झाली. त्याचा निष्कर्ष 'सायन्स' या नियतकालिकात सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. (सदस्यांना न कळविता हे प्रयोग केल्याबद्दल टीकाही झाली, आणि ती रास्त होती.) सर्वाधिक उपयोगी ठरली ती ओळख मध्यम विरळ होती : अगदी परकी नव्हे, अगदी घरचीही नव्हे, दोघांमध्ये दहाएक सामाईक परिचित असलेली. या अभ्यासातील आणखी एक भाग व्यापाऱ्याने विशेष ध्यानात ठेवावा. संगणक आणि सॉफ्टवेअरचा वापर अधिक असलेल्या व्यवसायांत विरळ ओळखी प्रभावी ठरल्या, तर जेथे तो वापर कमी आहे तेथे घट्ट ओळखींनीच अधिक काम केले. म्हणजे घरातील संगणक शिकलेल्या मुलीने आणि कापडाच्या दुकानातील तिच्या वडिलांनी एकच मार्ग चोखाळण्याचे कारण नाही. मुलीने दूरवर नजर टाकावी. वडिलांनी इतवारीतील आढतियाचा हात सोडू नये. त्या हाताच्या आधाराने एक पाऊल पुढे टाकावे.

हे पाऊल कसे टाकावे, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एक व्यापारी शाळेच्या गणवेशाचे कापड विकतो. त्याचे ग्राहक तालुक्यातील पाच-सात शाळा. याच तालुक्यात कोळशाच्या खाणी आहेत, खापरखेड्याचे औष्णिक वीज केंद्र आहे. अशा ठिकाणी कंत्राटदार असतात, त्यांच्याकडे सुरक्षा कर्मचारी असतात आणि त्या सर्वांना वर्षातून कपडे लागतात. खरेदी ठरविणारा माणूस बाजारात हिंडताना दिसत नाही, पण त्याचे नाव आणि हुद्दा लिंक्डइनवर असू शकतो. हा व्यापारी तेथे गेला आणि त्याने स्वतःच्या नावाखाली 'व्यवसाय' एवढेच लिहिले, किंवा त्याहून वाईट म्हणजे इंग्रजीत 'उद्योजक, द्रष्टा, मार्गदर्शक' अशी बिरुदे लावली, तर त्याचा उपयोग शून्य. नावाखालच्या ओळीत दोनशेवीस अक्षरे मावतात. तेथे असे लिहावे : 'शाळा, रुग्णालये व सुरक्षा कर्मचारी यांच्या गणवेशाचे कापड, ठोक, सावनेर, जि. नागपूर; पांढुर्णा व सौंसरपर्यंत पोच.' गावाचे नाव इंग्रजी आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत द्यावे, कारण शोधणारा कोणत्या लिपीत शोधील हे सांगता येत नाही. छायाचित्र दुकानात बसलेले असावे, चेहरा स्पष्ट दिसणारा. लग्नातील फेट्याचे किंवा फुलांचे नको. खाली थोडक्यात व्यवसायाचा इतिहास, किमान किती थान एका वेळी देता येतात, माल किती दिवसांत पोहोचतो, परत घेण्याचा नियम काय, एवढे पुरे. जे नाही ते लिहू नये.

या शेवटच्या वाक्यासाठी नव्या नियमावलीची आवश्यकता नाही. उमास्वातींचे 'तत्त्वार्थसूत्र' दिगंबर आणि श्वेतांबर दोन्ही परंपरांना मान्य आहे. अणुव्रतांचे अतिचार सांगताना त्यांनी अचौर्याच्या अतिचारांत प्रतिरूपकव्यवहाराचा समावेश केला आहे : खऱ्याच्या जागी त्याच्यासारखे दिसणारे खोटे देणे. तुपात चरबी आणि रेशमात नायलॉन ही त्याची बाजारातील उदाहरणे होती. दुसऱ्याच्या गोदामाचे छायाचित्र स्वतःचे म्हणून टाकणे, न केलेल्या पुरवठ्याची यादी देणे, विकत घेतलेले अनुयायी मिरविणे, हे त्याच जातीचे. सत्याच्या अतिचारांतील कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणे, हीदेखील मुलांच्या नोकरीच्या अर्जांत सहज शिरते. सहा महिन्यांचा अनुभव दोन वर्षांचा होतो. पूर्वी हे उघडकीस येण्यास वेळ लागे. आता कोणीही पूर्वीच्या सहकाऱ्याला दोन मिनिटांत विचारू शकतो.

ओळख झाल्यावर मागावे कसे, हा खरा अवघड भाग आहे. येथे बहुसंख्य तरुण चुकतात. पुण्यातील मोठ्या पदावरील समाजबांधवाला संदेश जातो : 'जय जिनेंद्र काका, माझ्यासाठी काही जॉब असेल तर बघा.' काकांच्या हाती बघण्यासारखे काहीच दिलेले नाही. कोणते शिक्षण, कोणते काम, कोणते शहर? भला माणूस 'जरूर' असे लिहितो, आणि विषय तेथे संपतो. त्याऐवजी मुलाने असे लिहावे : 'मी सावनेरचा, अमुक यांच्याकडून आपले नाव कळले. बी.कॉम. नंतर दोन वर्षे जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचे काम केले आहे. आपल्या कंपनीत लेखा विभागात या कामासाठी कोणते अधिकचे शिक्षण अपेक्षित असते, हे दहा मिनिटांत सांगू शकाल का?' येथे नोकरी मागितलेली नाही. माहिती मागितली आहे, आणि ती देण्यास कोणाचीच हरकत नसते. अशा संभाषणातूनच पुढे कधीतरी काम निघते. उत्तर आले की त्याच दिवशी आभार कळवावेत. दोन महिन्यांनी, सुचविलेला अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे कळवावे. हा दुसरा संदेश शंभरांत चार जणही पाठवीत नसतील, आणि काकांना त्या मुलाचे नाव लक्षात राहते ते त्याच संदेशाने.

आता देणाऱ्याचे कर्तव्य. लिंक्डइनवर एकमेकांसाठी शिफारस लिहिण्याची सोय आहे. ही आजची जिकरी चिठ्ठी. ज्याच्याबरोबर कामच केले नाही त्याची 'अत्यंत मेहनती व प्रामाणिक' अशी भलावण करण्याची जी रीत पडली आहे, तिच्यामुळे चांगल्या मुलाच्या चिठ्ठीचेही मोल घसरते. भीड पडते, हे मान्य. पुतण्याला नाही कसे म्हणावे? परंतु हुंडीच्या काळातही पुतणे होतेच. 'तुझ्या कामाचा मला अनुभव नाही, पण ज्यांना आहे त्यांच्याकडून लिहून घे', असे सांगणाऱ्या काकांच्या शब्दाला बाजारात वजन राहत असे. दोन ओळींत नेमकी घटना लिहिलेली शिफारस, उदाहरणार्थ 'ऐन दिवाळीत याने तीन दुकानांचा हिशेब एकट्याने जुळविला', ही दहा विशेषणांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

सावनेरमध्ये मात्र प्रत्यक्ष वापर आहे तो व्हॉट्सॲपचा. त्याचा विचार व्यापारी दृष्टीने क्वचितच होतो. सकाळी दुकान उघडताच पन्नास संदेश येतात. सूर्योदय, फुले, सुविचार, आणि त्यांच्या मध्ये कोठेतरी पांढुर्ण्याच्या ग्राहकाचा प्रश्न असतो, 'चाळीस थान शनिवारपर्यंत मिळतील का?' तो दुपारी दिसतो, तोवर ऑर्डर दुसरीकडे गेलेली असते. यावर उपाय साधा आहे : व्यवसायासाठी वेगळा क्रमांक, त्यावर बिझनेस आवृत्ती, मालाची चित्रे आणि भाव असलेली सूची, आणि दुकान बंद असताना आपोआप जाणारे उत्तर. ग्राहकांना गटात कोंबू नये. गटात एकाचा भाव दुसऱ्याला दिसतो आणि एकाचा क्रमांक सर्वांना. त्याऐवजी ब्रॉडकास्ट सूची करावी. एका सूचीत २५६ नावे मावतात आणि संदेश प्रत्येकाला स्वतंत्र जातो. त्यात एक खुबी आहे. ज्याने व्यापाऱ्याचा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये नोंदविला आहे, त्यालाच तो संदेश पोहोचतो. म्हणजे ग्राहकाने आधी ओळख मान्य केलेली असावी लागते. जुन्या बाजाराला शोभेल असाच हा नियम आहे.

या माध्यमातील शब्दांना आता न्यायालयातही वजन आहे, हे व्यापाऱ्याने विसरू नये. जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठविलेली नोटीस बजावली गेल्याचे मानले, कारण ती पोहोचल्याची आणि उघडल्याची खूण दिसत होती. गटप्रमुखांच्या मनातील धास्तीबद्दलही एक निर्णय सांगण्याजोगा आहे. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी असे ठरविले की, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी गटप्रमुख केवळ गटप्रमुख असल्यामुळे दोषी ठरत नाही. दोघांचा समान हेतू किंवा पूर्वनियोजित संगनमत असावे लागते. कायद्याची जबाबदारी अशी मर्यादित आहे.

श्रावकाची जबाबदारी मात्र तेवढ्यावर थांबत नाही. अनर्थदंडविरती व्रताच्या अतिचारांत मौखर्य, म्हणजे निष्प्रयोजन बडबड, सांगितले आहे. आलेला संदेश न वाचता पुढे ढकलणे हे बोटांचे मौखर्य आहे. त्याचे परिणाम किती भयंकर होऊ शकतात, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेमुळे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा घातली. अहिंसेचे व्रत घेतलेल्या घरातील फोनवरून अशी अफवा एकदाही पुढे जाऊ नये, यासाठी कंपनीच्या मर्यादेची वाट पाहण्याचे कारण नव्हते. व्यापाराच्या दृष्टीनेही पाहावे : जो माणूस दिवसभर खोट्या औषधांचे नुस्खे पुढे पाठवितो, त्याने पाठविलेल्या भावपत्रकावर ग्राहकाने विश्वास का ठेवावा?

संवत्सरी आणि क्षमावाणीच्या संदेशांबद्दल दोन शब्द. पूर्वी त्या दिवसांत प्रत्येकाला नावानिशी कार्ड लिहिले जाई. कोणाला लिहावे याची यादी काढताना वर्षभरात कोणाशी बोलणे झाले नाही, कोणाशी तुटले, हे आपोआप आठवत असे. आता एकच सजविलेले चित्र तीनशे जणांना जाते; पाठविणाऱ्याला कोणाची आठवण होत नाही आणि घेणाराही ते उघडीत नाही. ओळखी जिवंत ठेवण्याचे इतके उत्तम साधन परंपरेने हाती दिलेले असताना ते असे वाया जाऊ नये. तीनशेऐवजी तीसच जणांना, नाव घेऊन, दोन ओळी स्वतःच्या हाताने टंकित करून पाठवाव्यात. त्यांत दहा तरी असे असावेत, ज्यांच्याशी वर्षभरात संपर्क झालेला नाही. क्षमायाचना हाच त्या संदेशाचा हेतू असावा, व्यापार नव्हे. परंतु तुटत आलेला धागा त्याने पुन्हा जुळतो, हेही खरे.

माध्यमे परक्यांची आहेत, याचेही भान असावे. जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेले ऑर्कुट एके काळी भारतात घराघरांत होते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा ज्यांनी त्यावर लाखो प्रेक्षक जमविले होते, त्यांचे दुकान एका रात्रीत उठले. भाड्याच्या ओट्यावर माल मांडावा, पण खतावणी घरी ठेवावी. प्रत्येक ग्राहकाचे नाव, गाव, क्रमांक आणि ओळख कोणामार्फत झाली, याची नोंद स्वतःच्या वहीत किंवा संगणकावर असलीच पाहिजे.

फसवणुकीविषयी थोडक्यात. सैन्यातील अधिकारी असल्याचे सांगून मोठी ऑर्डर द्यायची, आणि आगाऊ रक्कम पाठवितो म्हणून क्यूआर कोड पाठवायचा, ही जुनी युक्ती आहे. क्यूआर कोड दाबून आणि पिन टाकून पैसे जातात, येत नाहीत. फसगत झाल्यास लाज न बाळगता तत्काळ १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक असते. आणि येथे पुन्हा शहाजोग हुंडीचा नियम लावावा. नवा ग्राहक कोणामार्फत आला, हे विचारल्याशिवाय उधार माल सोडू नये.

शेवटी या स्मरणिकेशीच संबंधित एक सूचना. अशा प्रसंगी समाजातील कुटुंबांची सूची छापण्याची प्रथा आहे. कुटुंबप्रमुखाचे नाव, मूळ गाव, गोत्र आणि दूरध्वनी, एवढे तीत असते. घरातील कोण काय काम करतो, हे तीत कोठेच नसते. सुनेने औषधनिर्माणशास्त्र शिकले आहे, लेक बंगळुरूत आहे, जावई वस्त्रोद्योगात आहेत, ही सारी माहिती तोंडी फिरते आणि नेमक्या वेळी आठवत नाही. सूचीत दोन रकाने वाढवावेत : नेमके काम कोणते, आणि कोणत्या विषयात नवख्याला दहा मिनिटे मार्गदर्शन करण्याची तयारी आहे. लेकी-सुनांची नावे स्वतंत्र ओळीत असावीत. विवाह होऊन परगावी गेलेल्या लेकींची तर अवश्य, कारण ज्या मध्यम विरळ ओळखींचे सामर्थ्य वर सांगितले, त्या समाजाजवळ सर्वाधिक आहेत त्या याच लेकींच्या रूपाने. सावनेर त्यांना ठाऊक आहे आणि सावनेरबाहेरचे जगही. मात्र कोणाचाही क्रमांक त्याच्या संमतीविना छापू नये आणि सूचीची प्रत गटांतून फिरवू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, हे एक कारण. दुसऱ्याची खाजगी गोष्ट उघड करणे, म्हणजे रहोभ्याख्यान, हा सत्याणुव्रताचा अतिचार आहे, हे त्याहून जुने कारण. क्रमांक हवा असल्यास मागणाऱ्याने ट्रस्टच्या कार्यालयात विचारावे आणि कार्यालयाने त्या व्यक्तीला विचारून द्यावा.

ही सूची दरवर्षी पर्युषणापूर्वी दुरुस्त व्हावी. त्यासाठी एक वही, घरोघरी जाण्यास तयार असलेले चार तरुण आणि दोन रविवार पुरेसे आहेत.